जुना ट्रॅक्टर: आधी रंग की आधी वायरिंग?

वडिलांचा ट्रॅक्टर नऊ वर्षं पत्र्याखाली उभा होता. इंजिन जाम नाही, हाताने फिरतंय. बॉनेटचे पापुद्रे निघालेत आणि वायरिंग उंदरांनी संपवलंय. डॅशबोर्डमागे हात घातला तर उघडं तांबं आणि मूठभर टरफलं! बॅटरी चार्ज करायला जुना डायनॅमोच आहे, नव्या पद्धतीचा अल्टरनेटर नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: रंग आधी. नाहीतर स्प्रे कनेक्टरात जातो आणि मग दिवे लागत नाहीत. पण जुनी वायर उपटू नका भाऊ. प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून नाव लिहा, फोटो काढा. मी उत्साहात सगळी ओढून काढली होती. नंतर हॉर्न दाबला की डावा दिवा लागायचा.

उत्तर: डिझेलने धुतलं की झालं, असं समजू नका. तवंग राहतो, त्यावर प्रायमर धरत नाही. साबणाने धुवा, वाळवा, थिनरचं फडकं फिरवा. घासलेल्या पत्र्याला त्याच दिवशी प्रायमर मारा, दमट हवेत रात्रीतून लालसर झाक येते. आणि अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीची वायर सांगाड्याला जोडतात त्या, बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या. तिथे रंग राहिला की स्टार्टर नुसता टक् करतो, आणि लोक नवी बॅटरी आणतात.

उत्तर: बॅटरी जोडण्याआधी बघा, काही जुन्या ट्रॅक्टरना पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक सांगाड्याला जोडलेलं असतं. दिव्यांच्या लाइनला फ्यूज घालाच.

प्रश्नकर्ता: बघितलं. पॉझिटिव्हच आहे! मी उलटी जोडणार होतो.