नदीसाठी कोर्टात जायचं की काठावर झाडू मारायचा?

काठावरचा (धागाकर्ता)
नदीस्वच्छता मोहिमा म्हणजे फोटोपुरता उद्योग, असं माझं स्पष्ट मत. चार हातांवर पाइपातून फेसाळ पाणी पडत असतं आणि मंडळी पिशव्या वेचत असतात! मैलापाणी आलं की त्यावर जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फस्त करतात. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना जड जातं. रात्री शेवाळही ऑक्सिजन ओढतं, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. तेव्हा कोणती मोहीम हजर असते?
अमेरिकेतल्या हडसन नदीवरच्या मच्छीमारांनी १९६६ मध्ये संघटना काढली आणि १८९९ चा एक धूळ खात पडलेला कायदा उकरून काढला. प्रदूषण करणाऱ्याला पकडून देणाऱ्याला दंडात वाटा! नदीत तेल सोडणाऱ्या रेल्वे कंपनीमागे ते हात धुऊन लागले आणि बक्षीस मिळवलं.
माझ्या मते निवेदनात मागण्या दोनच: प्रत्येक सांडपाणी परवान्याचे आकडे जाहीर करा आणि नदी सुधारेपर्यंत मासेमारी बंद ठेवा.

गाळमोजणी
हडसनची गोष्ट सोयीने अर्धीच सांगितलीत. १९७६ मध्ये पीसीबी या रसायनामुळे तिथली बहुतेक व्यावसायिक मासेमारी बंद पडली. लढले ते मच्छीमार, जाळी खुंटीला टांगली तीही त्यांचीच. पीसीबी गाळात मुरतं, तिथून माशाच्या चरबीत. तो गाळ उपसायला २००९ उजाडलं. कोर्टाच्या आदेशाने पाइप बंद होतो, तळ नाही धुतला जात.
आणि पाइपच नसेल तर? ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच ईरी सरोवरातल्या विषारी शेवाळामुळे टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. मुख्य कारण शेतांतून वाहून आलेलं खतातलं फॉस्फरस. अमेरिकेच्या १९७२ च्या जलप्रदूषणविरोधी कायद्यात पावसाबरोबर शेतातून येणाऱ्या पाण्याला परवाना लागतच नाही. नोटीस कुणाला बजावणार, पावसाला?

उगाच_एक
+१. शेवटचं वाक्य ढापतोय.

काठावरचा
शेतकऱ्यांशी बोलावं लागेल, मान्य. काठावर झाडझाडोरा राखला तर बरंच खत तिथेच अडतं. पण म्हणून पाइपवाल्याला मोकळं सोडायचं? हडसनमध्ये पीसीबी कित्येक वर्षं सोडलं जात होतं. तेव्हाच कुणी मोजून आकडे चव्हाट्यावर आणले असते तर बंदीची वेळ आली असती का?

जाळंवाली
दोघेही विद्वान, पण मासेमारी बंद ही मागणी टाकताना आम्हाला विचारलं का? पाणी बिघडलं की पहिला हुकूम आमच्यावर सुटतो; कारखान्याला मात्र मुदतवाढ. बंदी सोपी, कारण मच्छीमाराकडे वकील नसतो.
युरोपातल्या ऱ्हाइन नदीचं बघा. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रसायनांचं गोदाम जळलं, विझवायला मारलेलं पाणी नदीत गेलं, ईल मासे ढिगाने मेले. पुढच्या वर्षी काठावरच्या देशांनी कार्यक्रम आखला. ध्येय काय, तर सामन मासा नदीत परतला पाहिजे. नदी सुधारली की नाही हे माशावरून ठरवायचं. मग मासा रोज हाताळणारा माणूस नदीबाहेर का?

काठावरचा
विषारी मासा विकू द्यायचा?

जाळंवाली
विकू नका म्हणा, भरपाई द्या आणि नमुने गोळा करायचं काम आम्हालाच द्या. पहाटे नदीवर आम्हीच असतो.

गाळमोजणी
हे कलम घाला, बंदीचं काढा. मग मी सही करतो. झाडू मात्र सोडणार नाही.