मदत हवी आहे: वाणाच्या पिशव्यांसाठी नॉन-वोव्हन घ्यावं की मांजरपाट?

नमस्कार मंडळी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमचा बचत गट वाण म्हणून 150 पिशव्या शिवणार आहे. कापडात मात्र अडकलोय: नॉन-वोव्हन (न विणता, तंतू एकमेकांना चिकटवून केलेलं) की मांजरपाट (साधं कोरं सुती)?

मागच्या वर्षी एका दुकानदाराने 'कापडीच आहे हो ताई' म्हणत नॉन-वोव्हनचा रोल गळ्यात मारला. घरी कोपरा जाळून पाहिला तर वितळून गोळा झाला, मेणासारखा वास. म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, चक्क प्लास्टिकच! सुती असतं तर कागदासारखं जळून राख झाली असती. त्यातली एक पिशवी बाल्कनीत उन्हात टांगलेली राहिली, ती आता हात लावला की भुगा होते.

नियमाप्रमाणे 30 सप्टेंबर 2021 पासून 60 जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) खालच्या नॉन-वोव्हन पिशव्या बंद आहेत. दुकानदार 80 सांगतो, पण 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा सोनाराच्या काट्यावर ठेवला तर भरला जेमतेम अर्धा ग्रॅम, म्हणजे 50 जीएसएम. (सोनार हसला, तो भाग वेगळा.)

आता प्रश्न. पाच किलो कांदे-बटाटे पेलायला खरं 80 जीएसएम पुरेल का? आमच्या साध्या शिलाई मशिनवर टाक्याच्या भोकांपासून फाटतं, तर बंदांना आतून पट्टी लावावी का? की सरळ मांजरपाट घ्यावं? ते धुतल्यावर आटतं, म्हणून आधी भिजवून घेता का? इचलकरंजी किंवा मालेगावहून थेट कापड आणलेल्या कुणी असाल तर मीटरचा भाव नक्की सांगा.