निवृत्तीनंतर गावी चला म्हणणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं

लांज्याची सून

'निवृत्त झालात ना? मग शहरात कशाला कुजताय, गावी चला' हा लेख सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. लेखक बँकेतून निवृत्त होऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेले. म्हणणं थोडक्यात असं: ठाण्याचा फ्लॅट विकला, वडिलांचं जुनं घर दुरुस्त केलं, महिना पंधरा हजारांत निघतो, हवा अशी की डॉक्टरचं तोंड बघावं लागत नाही, आणि 'सौ. तर अंगणातल्या फुलझाडांत रमून गेली'. हा लेख मला नणंदेने पाठवला, जावेने पाठवला आणि शेजारच्या खोलीतून नवऱ्यानेही पाठवला. म्हणून सविस्तर लिहिते.

आम्हीही गावीच राहतो. लांजा तालुक्यात सासऱ्यांचं जांभ्या दगडाचं घर आहे. त्या लेखातल्या सौ. कोण असतील ते मला माहीत नाही, पण त्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही. विचारलं असतं तर त्यांनी पावसाळ्याचं सांगितलं असतं. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत. कपाट उघडलं की नवऱ्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी, चष्म्याच्या घराच्या आत बुरशी, पिठाला वास. वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणी बंद. आणि एवढा पाऊस पिऊन एप्रिलअखेर विहिरीचा तळ दिसतो, कारण जांभ्यात पाणी ठरतच नाही.

मग मे महिना. मग गणपती. डोंबिवली, पुणे, बडोदा, सगळीकडून माणसं येतात. त्यांच्यासाठी ती सुट्टी असते. स्वयंपाकघरात उभं कोण राहतं? साठीला आलेली बाई. नवऱ्याला नोकरीतून निवृत्ती मिळाली. बायकोला मिळालेलीच नाही, उलट दोन खोल्यांच्या जागी आठ खोल्यांचा केर आला.

गाव वाईट असं मी म्हणत नाही. पण कुठे राहायचं हे दोघांचं मत घेऊन ठरवा, आणि 'डॉक्टर लागत नाही' असलं बेजबाबदार लिहू नका. लोक असं वाचून घरं विकतात.

जांभा

ताई, तुमचा राग समजला, पण तुम्ही एकच बाजू मांडलीत. मी गुहागर तालुक्यात राहतो, मुंबईत कारखान्यात आयुष्य काढून आलोय. तुम्ही बँकवाल्यांच्या पेन्शनचा हिशोब करताय. आमची ईपीएस-९५, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांची पेन्शन योजना. तिची किमान पेन्शन २०१४ मध्ये १००० रुपये ठरली ती अजून तिथेच आहे. मला त्याहून थोडी जास्त मिळते, पण त्यात मुंबईत खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही. गावी येणं हा आमचा छंद नाही. ज्याला परवडतं त्याने 'कुठे राहावं' यावर चर्चा करावी, आम्हाला एकच दार उघडं होतं.

आणि ते दार चांगलं निघालं. सकाळी आठपर्यंत माझं दार उघडलं नाही तर शेजारचा गडग्यावरून हाक मारतो. चाळ पाडून टॉवर झाला तिथे माझा मित्र बाथरूममध्ये पडला, दुसऱ्या दिवशी कामवाली आली तेव्हा कळलं. हे तुमच्या शहराचं सुख. बुरशीचं काय घेऊन बसलात, आमच्या आयांनी त्याच घरांत दहा-दहा माणसांचं केलं.

लांज्याची सून

आयांनी केलं म्हणूनच त्यांच्या कमरा पन्नाशीत गेल्या. ते कौतुकाने सांगू नका.

निवृत्त सिस्टर

मी सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीच कोकणात. मला या वादात फक्त एक गोष्ट घालायची आहे.

अर्धांगवायूचा झटका आला, म्हणजे तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, बोबडी वळली, की घड्याळ सुरू होतं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्याच्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण गुठळी नसून रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक. म्हणजे साडेचार तासांत फोन, १०८ ची गाडी, रस्ता, स्कॅन आणि निदान, एवढं सगळं बसलं पाहिजे. आणि झटका रात्री झोपेत आला तर सुरुवात कधी झाली हेच माहीत नसतं. घर निवडताना स्वयंपाकघराची दिशा बघता, तसा एक कागद घ्या आणि लिहा: सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं जवळचं ठिकाण कोणतं, आणि जुलैच्या रात्री तिथे पोचायला किती वेळ लागतो. मे महिन्यातल्या दुपारचा वेळ लिहू नका.

प्राथमिक आरोग्य केंद्राला मी नावं ठेवणार नाही. साप, विंचू, ताप, बाळंतपणं तिथेच निभावतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं ते कोकणातच, आणि त्याने किती मुलं वाचली ते आम्ही पाहिलंय. पण म्हातारपणाचे आजार विंचवाचे नसतात.

जांभा

सिस्टर, तुमचं मान्य. पण कोकणात काहीच नाही हे चित्र जुनं झालं. डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, रत्नागिरीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. रस्त्याचं बोलाल तर मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली, माझ्या मुलाची शाळा, कॉलेज, लग्न सगळं झालं, रस्ता अजून चालूच आहे. तो दोष गावाचा की गावाला वाऱ्यावर सोडणाऱ्यांचा? आम्ही म्हातारे परत आलो, मतं इथे पडायला लागली, तरच इथे काही होईल. सगळे पुण्यात जाऊन बसले तर हा रस्ता कधीच होणार नाही.

कोथरूडकर

पुण्यात बसलेल्यांपैकी एक म्हणून बोलतो. शहर म्हणजे सोय, हेही अर्धंच खरं. आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. समोरच्या आजी गुडघ्यांमुळे खालीच उतरत नाहीत. चार पावलांवर नामांकित रुग्णालय असून उपयोग काय, त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावं लागतं. २०१९ च्या नियमानंतर पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, तरी आमच्याकडे वर्षानुवर्षं घोळ चाललाय. एक बिल्डर आला, पार्किंगवरून पळाला. दुसरा आला, त्याच्या करारात लिफ्ट किती माणसांची तेच लिहिलेलं नव्हतं. सत्तरीच्या माणसाला तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायला सांगणं म्हणजे काय, हे तिशीतल्या कमिटीला कळत नाही.

पण एक ठाम सांगतो. गावी जा किंवा जाऊ नका, शहरातला फ्लॅट विकू नका. त्या लेखातली सगळ्यात वाईट ओळ ती आहे. भाड्याने द्या. गावी नाही जमलं तर परत यायला दार हवं.

माहेरवाशीण

सगळे 'वडिलांचं जुनं घर', 'सासऱ्यांचं घर' म्हणताहेत. मला विचारायचंय, सात-बारावर नावं कोणाची आहेत? बहिणींची आहेत का?

माझ्या भावाने असंच 'निवृत्तीनंतर गावी राहीन' म्हणून घर दुरुस्तीला काढलं. त्याआधी आम्हा तिघी बहिणींना हक्कसोडपत्रावर सह्या करायला बोलावलं. वाचायलासुद्धा दिलं नाही. 'तुमचं माहेर आहेच की, कधीही या.' सही झाली. आता माहेरी जायचं तर वहिनीला आधी फोन करावा लागतो. माझं लग्न मोडलं असतं, किंवा मी विधवा झाले असते, तर मी म्हातारपणी कुठे राहायचं हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नाही. निवृत्तीनंतर गावी जायची चैन भावांनाच आहे. बहिणीला गाव असतं कुठे?

जांभा

आता हे कुठल्या कुठे गेलं. मुद्दा राहायचा होता. आणि आलंच आहे तर ऐका. आमच्या घराची शाकारणी दर वर्षी कोण करतं? फुटकी कौलं बदलतं कोण, वानरांपासून आंबा राखतं कोण, निसर्ग वादळात २०२० ला झाडं पडली ती तोडून बाजूला कोणी केली? बहिणी मेमध्ये येतात, आंब्याच्या पेट्या नेतात, त्यांना आम्ही कधी नाही म्हटलेलं नाही. तीस वर्षं फिरकायचं नाही आणि घर उभं राहिलं की वाटा मागायचा, ही कुठली रीत?

माहेरवाशीण

आंब्याची पेटी म्हणजे वाटा नव्हे. आणि तुम्ही तरी तीस वर्षं मुंबईतच होतात ना? तेव्हा शाकारणी कोण करत होतं? तुम्ही नव्हतात म्हणून तुमचा हक्क गेला नाही, मी सासरी होते म्हणून माझा गेला. हा न्याय मला समजावून सांगा.

नोंदवही

महसूल खात्यात कारकून होतो, आता निवृत्त. दोघांनीही आवाज खाली आणावा, म्हणून कायद्याचं सांगतो.

वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगा, मुलगी, बायको आणि आई यांना सारखा वाटा आहे. फक्त राहत्या घरात वाटणी मागायला मुलीला बंदी होती, ते कलम २३ होतं, ते २००५ मध्ये रद्द झालं. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने लग्नाची अट काढली. पुढे बरीच वर्षं 'वडील तेव्हा हयात हवेत' असा वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टातून वाटणी झालेली असेल तर मात्र ती मोडत नाही.

आता निवृत्तांसाठी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तुमचं नाव आहे, घरपट्टी तुम्ही भरता, म्हणून घर तुमच्या मालकीचं होत नाही. तो कर वसुलीचा कागद आहे. माझ्यासमोर कितीतरी लोक ग्रॅच्युइटीचे पैसे सामाईक घरात घालून आले. स्लॅब टाकला, संडास बांधला, बोअर मारली. ते वारले आणि दुसऱ्या महिन्यात चुलत्यांचा अर्ज. बाई हातात पावत्या घेऊन आमच्या टेबलाशी उभी. तिला नवऱ्याच्या वाट्यात हक्क असतो, पण नवऱ्याचा वाटा कुठली खोली हेच कधी ठरलेलं नसतं.

लांज्याची सून

हे वाचून मी आत्ता उठून नवऱ्याला विचारलं. आमच्या सात-बारावर अजून आजेसासऱ्यांचं नाव आहे, खाली इतर हक्कात बोजा. वारस नोंदच झालेली नाही. आणि आम्ही गेल्या वर्षी सगळं छप्पर नवीन केलं. नणंदेने तो लेख पाठवला तो बहुतेक मायेनेच पाठवला असेल, पण तिचा त्या घरात वाटा आहे हे मला लग्नानंतर आजवर कोणी बोललेलं नाही. तिलाही कोणी सांगितलेलं नसणार.

जांभाकाका, तुमच्या पेन्शनबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटलं. पर्याय नसलेल्या माणसाला मी बुरशीचं ऐकवत नव्हते. माझा रोख फ्लॅट विकून दुसऱ्यांना शिकवणाऱ्यांवर होता. शेजारच्याने हाक मारायची गोष्टही खरी आहे. मला गेल्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा वाडीतल्या बायकांनी भाकऱ्या आणून दिल्या, ठाण्यात तसं झालं नसतं.

घाटमाथा

तुम्ही गाव किंवा महानगर यातच अडकलात. आम्ही गाव सोडलं, मुंबई सोडली, साताऱ्यात तळमजल्यावर भाड्याने राहतो. जिल्ह्याचं ठिकाण, रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर, बायको चालत मंडईत जाते. एक वर्ष भाड्याने राहून मग ठरवलं. चारही ऋतू काढल्याशिवाय कुठेही पैसे गुंतवू नयेत. रत्नागिरी शहर, चिपळूण, वाई, सांगली, हे पर्याय कोणाला सुचतच नाहीत.

निवृत्त सिस्टर

चिपळूण घेताना २२ जुलै २०२१ चा पूर कुठवर आला होता ते विचारून घ्या. तळमजला तर नकोच. बाकी भाड्याचं पटलं.

जांभा

पटो न पटो, भाडं ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी हे. मी गावीच राहणार.

माहेरवाशीण ताईंना उत्तर द्यायचं राहिलं. आमच्याकडेही हक्कसोडपत्र तयार आहे, वकिलाकडून करून घेतलंय, गणपतीत दोन्ही बहिणी येतील तेव्हा सह्या घ्यायच्या होत्या. वाचायला द्यायचं असं मनात नव्हतं, हे खरं. ते आता थांबवतो. पण मी वाटणी कबूल केली असं कोणी समजू नये. खर्च माझा झालाय, त्याचा हिशोब आधी होईल.

माहेरवाशीण

हिशोब करा ना. छपराचा, कौलांचा, मजुरीचा, सगळा कागदावर मांडा आणि बहिणींसमोर ठेवा. माझ्या भावाने तो मांडला असता तर मी माझा भाग भरला असता, आणि मला त्या घरात एक खोली राहिली असती. मला कोणी रक्कम सांगितलीच नाही, थेट सहीची जागा दाखवली. तुमच्या बहिणी पैसे द्यायला नाही म्हणाल्या तर मग मला येऊन सांगा. पण आधी विचारा.