बेळगाव लोकसभा: मत भाषेला की धर्माला?

उचगावचा सीमावासी
१९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार होते. त्यात आमचे काका एक. दुधाच्या पैशातून त्यांनी ५०० रुपये अनामत भरली. ती परत मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण सीमाप्रश्न, म्हणजे कर्नाटकातला आमचा मराठी भाग महाराष्ट्रात यावा ही मागणी, दिल्लीच्या कानावर घालायचा होता. आज त्यांचीच नातवंडं धर्माच्या नावानं राष्ट्रीय पक्षाला मत देतात, हे मला बोचतं. लोकसभेला तरी मराठी माणसानं भाषेवरच मत द्यावं.

शहापूरकर
काकांबद्दल आदर आहे. पण त्यातून मिळालं काय? जनता दलाचे शिवानंद कौजलगी निवडून आले आणि त्याच वर्षी संसदेनं अनामत १०,००० केली. भाजपचे सुरेश अंगडी २००४ पासून सलग चार वेळा जिंकले, त्यात आमच्या गल्लीची मतं होती, माझंही होतं. मी हिंदू म्हणून मत दिलं की मराठी राहत नाही काय? सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो खासदार सोडवणार नाही.

उचगावचा सीमावासी
अंगडी वारल्यावर २०२१ ला पोटनिवडणूक झाली ती आठवा की. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळके यांना एक लाख सतरा हजारांवर मतं पडली आणि भाजप जेमतेम ५,२४० मतांनी वाचला. २०१९ ला हाच फरक साडेतीन लाखांच्या वर होता. भगवा दोन्हीकडं होता, तरी लोकांनी भाषा निवडली.

शहापूरकर
आणि त्याच सप्टेंबरात महापालिकेत ५८ पैकी ३५ जागा भाजपच्या! चार महिन्यांत भाषा कुठं गेली?

खानापूरची सून
तुम्ही दोघं बेळगावचंच धरून बसलाय. आमचा खानापूर तालुका लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये, निपाणी चिक्कोडीत. मराठी मत तीन मतदारसंघांत वाटलेलं आहे. ते एक झालं तरी आमच्याकडून खासदार कसा निवडून येणार, ते सांगा. तरी शहापूरकर, तुमचंही पटत नाही. शेताचा उतारा कन्नडात, पंचायतीची नोटीस कन्नडात. सासरे कागद माझ्या हातात देतात, मलाही वाचता येत नाही. मग शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलीला बोलवायचं. ती बिचारी प्रेमानं वाचून दाखवते, तिच्याशी आमचं भांडण नाही. पण धर्मावर मत मागायला दारात आलेल्या एकानंही मराठीत कागद देतो म्हटलेलं नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात आहे, पण प्रचारात त्याचं नाव कोण काढतं?

शहापूरकर
कागदाचं तुमचं खरं आहे. पण ते मागायला सत्तेतला माणूस लागतो, समितीचा पडलेला उमेदवार नव्हे.

उचगावचा सीमावासी
सत्तेतला माणूस चार वेळा दिलात की. वहिनींच्या सासऱ्यांचा उतारा मराठीत आला काय?