पोस्टग्रेस १८ : वेगाच्या पलीकडचं

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवरच्या चर्चेत एकांनी '१८ व्या आवृत्तीवर जा, असिंक्रोनस आय/ओमुळे (एका वाचनाची वाट न पाहता डिस्ककडून पुढची मागवण्यामुळे) सगळं सुसाट होईल' असं लिहिलंय. सुधारणा मोठीच आहे, पण सध्या ती वाचनापुरती आहे: सिक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल वाचणं), बिटमॅप हीप स्कॅन (शोधसूचीवरून हवी तेवढी पानं वाचणं), व्हॅक्यूम (मेलेल्या नोंदींची सफाई). आमच्या निपाणी-चिकोडीकडच्या पतसंस्थांत दिवसभर बारीकसारीक भरणा-उचल चालते. तिथं फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

माझ्या मते खरं मोल डेटा चेकसमचं, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पानासोबत ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्याचं. १८ मध्ये नव्या क्लस्टरला (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांच्या संचाला) ते आपोआप चालू असतात. डिस्कवरचं पान बिघडलं तर वाचतानाच कळतं, आणि लोकांच्या ठेवींचा हिशेब सांभाळताना याहून महत्त्वाचं काय? मात्र जुना क्लस्टर चेकसमविना असेल तर पीजी-अपग्रेड हे आवृत्ती बदलायचं साधन अडतं. आधी सर्व्हर नीट बंद करून पीजी-चेकसम्स या साधनानं जुन्यावर ते चालू करून घ्या.

प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारीही आता अपग्रेडमध्ये सोबत येते. क्रिएट स्टॅटिस्टिक्स या आदेशानं बनवलेली तेवढी येत नाही, तिच्यासाठी अ‍ॅनालाइझ हा आकडेवारी पुन्हा गोळा करणारा आदेश चालवा.

आणि बेळगावकडच्या मंडळींनो, आपल्या सभासदांची नावं मराठीत आणि कन्नडमध्येही असतात. सोबत लिनक्सही बदलणार असाल तर मजकुरावरचे इंडेक्स (शोधसूच्या) रिइंडेक्स कराच, म्हणजे नव्यानं बांधा. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २०१८ मधल्या २.२८ आवृत्तीनं क्रमवारीचे नियम बदलले होते. जुना इंडेक्स तसाच ठेवला, तर असलेलं नावही शोधात सापडत नाही.