गिअरलेस स्कूटरची किक: ठेवावी की काढून टाकावी? आणि सांभाळायची कशी? सल्ला हवा

वाशिष्ठी_काठ (चिपळूण)
नमस्कार मंडळी. गाडी 2013 ची, 110 सीसी, गिअरलेस, कार्ब्युरेटरवाली. घरात आई आणि मी दोघी चालवतो, आईला रोज शाळेवर जायचं असतं त्यामुळे सकाळी गाडी सुरू झालीच पाहिजे. पाऊस लागला की सेल्फ (बटन-स्टार्ट) नुसतं कट कट करतं आणि गाडी उठत नाही, आणि किक मारायला जावं तर ती खाली गेली की खालीच राहते, हाताने ओढून वर घ्यावी लागते, कधीकधी तर एकदम मोकळी जाते, पायाला काहीच लागत नाही. गाडी जुलै 2021 च्या पुरात सीटपर्यंत पाण्यात होती, तेव्हा इंजिनचं काम केलेलं, पण किककडे कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. आता इथे गॅरेजमध्ये सांगतायत की नवी बॅटरी टाका आणि किक काढूनच टाका, हल्ली कोण मारतं किक. मला ते पटत नाहीये. किक ठेवायची असेल तर नक्की काय काम करून घ्यावं आणि पुढे काय काळजी घ्यायची? जाणकारांनी प्लीज सांगा.

डबलस्टँड (पुणे)
अजिबात काढू नका. गिअरची स्कूटर असती तर ढकलून, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच सोडून सुरू करता आली असती, आमची चेतक कितीदा तशी उतारावर सुरू केलीय. गिअरलेसला ती सोयच नाही. तिचा मागचा क्लच इंजिन फिरल्यावरच पकडतो, त्यामुळे चाक कितीही ढकललं तरी इंजिन फिरत नाही. म्हणजे बटन गेलं की उरते ती किक, तीही नसेल तर गाडी टेम्पोत घालायची. 1984 साली कायनेटिक होंडा आली तेव्हा बटनाचं केवढं अप्रूप होतं, पण तिलाही किक दिलेलीच होती. तुमच्याकडे आहे ती नीट करून घ्या, काढायचा विचारही नको.

पाना_पक्कड (सांगली)
ताई, माझं स्वतःचं गॅरेज आहे, तुम्ही लिहिलंय त्यावरून बिघाड बराचसा कळतोय. किक म्हणजे बाहेर दिसते ती दांडी नाही, खरं काम डाव्या बाजूच्या लांब कव्हरच्या आत असतं, जिथे बेल्ट फिरतो तिथेच. दांडी ज्या शाफ्टवर बसते त्याला आत एक मोठी अर्धवट गरारी असते आणि एक रिटर्न स्प्रिंग असते, ती मोठी गरारी एका बारक्या गरारीला फिरवते, आणि ही बारकी गरारी फिरता फिरता पुढे सरकते आणि पुलीच्या तोंडावरच्या दात्यांत जाऊन बसते, मग क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) फिरतो. गाडी सुरू झाली की तिनं लगेच मागे यायचं. बारक्या गरारीवर एक तारेची क्लिप असते ती तिला नुसती फिरू न देता अडवून धरते म्हणून ती पुढे सरकते, क्लिप सैल झाली की गरारी जागच्या जागी फिरते आणि किक मोकळी जाते. तुमची मोकळी जाते ती बहुतेक यामुळेच, नाहीतर पुलीवरचे दाते झिजलेत.

आणि खालीच राहते त्याला दोन कारणं. एक तर स्प्रिंग तुटली किंवा तिचा आकडा खाचेतून सुटलाय, नाहीतर शाफ्ट बुशमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत फिरतो तिच्यात, धरलाय. पुरातली गाडी म्हटल्यावर मला हे दुसरं कारणच वाटतंय. पुराचा गाळ एकदम बारीक असतो, कव्हरच्या आत शिरून बुशपर्यंत जातो, त्यात बेल्टची काळी पूड मिसळते, जुनं ग्रीस असतंच, सगळं मिळून घट्ट बसतं. इंजिनचं काम करणारा माणूस हेड खोलतो, ऑइल बदलतो, कव्हर काढून बाजूला ठेवतो आणि तसंच परत लावतो, त्या कव्हरच्या आतल्या बाजूलाच किकचं सगळं सामान बसलेलं असतं.

काम मोठं नाहीये. कव्हर काढायचं, शाफ्ट आणि दोन्ही गराऱ्या बाहेर काढून रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवायच्या, बुश बघायचा, गंज असला तर बारीक पॉलिश पेपरने घासायचा, स्प्रिंग आणि क्लिप बदलूनच टाकायची, स्वस्त असतात. मग शाफ्टला आणि बारक्या गरारीच्या दांड्याला उष्णता सहन करणारं ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लावायचं. जास्त लावलं की गरम होऊन उडतं आणि बेल्टवर जातं, बेल्ट घसरायला लागला की गाडी चढ चढत नाही आणि मग तो खर्च वेगळा. पुलीवरचे दाते टोकाला गोल झाले असतील तर तो भाग बदलावा लागतो, त्याला थोडा खर्च आहे, पण बघितल्याशिवाय बदलू देऊ नका.

रोजची_लोकल (डोंबिवली)
वरचं सगळं मान्य पण सकाळचा प्रश्न बॅटरीचा आहे हे विसरू नका. सेल्फ कट कट करतं म्हणजे रिलेला (मोटरला करंट जोडणारा स्विच) उचलण्याएवढा करंट आहे पण मोटर फिरवण्याएवढा नाही. मल्टिमीटर लावा, रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे, 12.2 च्या खाली असेल तर ती चार्ज नाही किंवा संपत आली. गाडी चालू करून थोडा एक्सलेटर दिला की 13.5 ते 14.5 दिसलं पाहिजे, ते दिसत नसेल तर नवी बॅटरी टाकून पण महिनाभरात तीच गत होणार. आधी टर्मिनल साफ करा, पांढरी पूड जमलेली असते. मी गाडी स्टेशनच्या पार्किंगला दिवसभर उघड्यावर लावतो आणि माझ्या मते चांगली बॅटरी असेल तर किक लागतच नाही, तरी काढायला मी पण सांगणार नाही.

पाना_पक्कड (सांगली)
बॅटरीचं बरोबर सांगितलंत, पण "लागतच नाही" इथेच घोटाळा होतो भाऊ. किक वापरात नसली की आतलं ग्रीस सुकतं, शाफ्टला गंज धरतो आणि ज्या दिवशी बटन दगा देतं त्याच दिवशी किक पण अडकलेली निघते. माझ्याकडे अडकलेली किक घेऊन येणाऱ्या गाड्या बहुतेक बटनावरच्या असतात, रोज किक मारणाऱ्याची क्वचित. सकाळची पहिली सुरुवात किकवर करा, थंड इंजिन फिरवायलाच बॅटरीला सगळ्यात जास्त ताकद लागते, तेवढी वाचते आणि किक पण हलती राहते. दिवसभर मग खुशाल बटन वापरा.

फोंडा_ते_पणजी
आमच्याकडे गोव्यात खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे बाहेरच्या दांडीची पण काळजी घ्यावी लागते. पाय ठेवायचा जो तुकडा दुमडतो त्याच्या सांध्यात आत गोळी आणि स्प्रिंग असते, तिथे गंज धरला की तुकडा अर्धवट उघडतो आणि किक मारताना पाय सटकून नडगीला लागतं. पावसाळ्याआधी तिथे ऑइलचे दोन थेंब सोडायचे आणि चार वेळा उघडबंद करायचा, बास. दुसरं म्हणजे दांडीचा बोल्ट. तो जरा जरी सैल राहिला की दांडीच्या आतले बारीक दाते शाफ्टवर घासून सपाट होतात, मग दांडी घसरते. दांडी बदलता येते पण शाफ्टचे दाते गेले की शाफ्टच बदलायचा. म्हणून दांडी हाताने पुढेमागे हलवून बघायची सवय ठेवा, हलली तर लगेच पाना लावून आवळा. वॉशिंगवाल्याला सांगा की प्रेशरचं पाणी शाफ्टच्या तोंडावर सरळ मारू नको.

वाशिष्ठी_काठ
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. एक विचारायचं राहिलं, आई बारीक आहे, वय 56, तिला किक झेपेल का? ती म्हणते की जोर लागतो आणि उलटा झटका बसायची भीती वाटते. मारायची काही पद्धत असते का?

डबलस्टँड (पुणे)
ताई, जोरापेक्षा पद्धतीवर आहे सगळं, आईंना नक्की जमेल. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर. साइड स्टँडवर कधीच नाही, सगळा भार त्या एका पायावर येतो आणि गाडी कलंडते. किक डावीकडे असते, तर गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, दोन्ही हात हँडलवर, मागचा ब्रेक दाबलेला, उजवा पाय किकवर. चप्पल नको, तळ घट्ट असलेली सँडल किंवा बूट. एक्सलेटर पूर्ण बंद, सकाळी थंडी असेल तर चोक ओढायचा आणि गाडी तापली की आठवणीने परत ढकलायचा.

आता मुख्य गोष्ट. किक आधी हळूच दाबायची, एका जागी ती कडक लागते, पाय अडतो, ते कॉम्प्रेशन. तिथे जोर करायचा नाही. जरासं पुढे ढकलून ती कडक जागा ओलांडायची, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा भार टाकून एका दमात शेवटपर्यंत खाली न्यायची, गुडघा थोडा वाकलेला ठेवून. अर्ध्यावर सोडायची नाही आणि भराभर छोट्या छोट्या लाथा मारायच्या नाहीत, त्यानेच दाते झिजतात आणि उलटा झटका पण तशाच अर्धवट किकला बसतो. दोन-तीन किकमध्ये उठली नाही तर थांबायचं, पेट्रोल चढलं असेल तर चोक बंद करून एक्सलेटर थोडा उघडा धरून मारायची.

आणि किकने इंजिन फिरतंय पण किक एकदम हलकी लागत असेल, ती कडक जागा जाणवतच नसेल, तर मग बिघाड किकचा नाही, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, व्हॉल्व्ह नीट बंद होत नसतील.

गच्चीवरून (नाशिक)
माझ्या पण शंकेचं उत्तर मिळेल का? गाडी 2021 ची, बीएस 6, इंजेक्शनवाली, किक आहे. बॅटरी पूर्ण गेली तेव्हा किक मारून मारून दमलो, काहीच नाही झालं. मग ती किक दिलीय कशाला?

पाना_पक्कड (सांगली)
1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 (धुराचे नवे नियम) आलं आणि स्कूटरींचं कार्ब्युरेटर गेलं, तिथे हा फरक पडला. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आपसूक येतं, इंजेक्शनमध्ये ते पंपाने ढकलायचं असतं आणि पंप, इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), इंजेक्टर सगळ्यांना वीज लागते. बॅटरी पार मेली असेल तर बऱ्याच गाड्यांत पंप चालतच नाही, मग कितीही किका मारा. पण बॅटरी फक्त कमजोर असेल तर किकचा पुरेपूर उपयोग आहे. चावी ऑन करा, मीटर लागलं आणि सीटखालून पंपाचा बारीक झूं आवाज येऊन थांबला की मग किक मारा, बहुतेक वेळा उठते, कारण सेल्फची मोटर जेवढं ओढते त्याच्या मानाने पंपाला फार थोडं लागतं. त्या वेळी हेडलाइटचा करंट वाचवायला स्विच असेल तर बंद ठेवा, बटन तर दाबूच नका, उरलेली ताकद त्यातच जाते. आवाजच आला नाही तर दुसरी 12 व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी लावल्याशिवाय मार्ग नाही.

वाशिष्ठी_काठ
काल दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली आणि कव्हर माझ्यासमोर उघडायला सांगितलं. पानाकाका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. शाफ्टभोवती मातीचा तांबूस थर होता, नखाने खरवडला तर खपली निघाली, आणि बारकी गरारी बोटाने सरकतच नव्हती. क्लिप हाताला अगदी ढिली लागत होती. पुलीवरचे दाते चांगले आहेत म्हणाले, ते तसेच ठेवले. स्प्रिंग आणि क्लिप नवी, शाफ्ट धुऊन ग्रीस. आता किक सोडली की खट्कन वर येते. बॅटरी पण तपासली, चार्जिंग बरोबर आहे पण बॅटरी जुनी झालीये, ती पण बदलतेय. आईनं आज सकाळी स्वतः किक मारून गाडी काढली. आता पुन्हा कव्हर कधी उघडायला सांगू? आणि पुन्हा पाणी भरलं तर काय करायचं?

पाना_पक्कड (सांगली)
छान झालं ताई, आईंना नमस्कार सांगा. मुद्दाम वेगळं उघडायची गरज नाही. बेल्ट आणि रोलर तपासायला कव्हर निघतंच, 110 गाड्यांचा बेल्ट साधारण 20-25 हजार किलोमीटरला बदलतात आणि मध्ये एकदोनदा बघतात, त्या प्रत्येक वेळी "किकची गरारी धुऊन ग्रीस करा" एवढं जॉबकार्डवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं गर्दीत राहून जातं. तुमच्याकडचा पाऊस बघता दरवर्षी पावसाळा संपल्यावर एकदा बघितलेलं उत्तम. मध्येच किक मारल्यावर कर्र आवाज आला किंवा गाडी चालू असताना डाव्या कव्हरमधून खरखर यायला लागली तर गरारी मागे येत नाहीये असं समजा आणि गाडी लगेच बंद करा. गाडी चालू असताना किकवर पाय चुकूनही नको.

आणि पाणी भरलं तर, देव करो तशी वेळ न येवो, पण आली तर बटन पण दाबायचं नाही आणि किक पण मारायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी बंद ठेवून आधी प्लग काढायचा, प्लगची टोपी बाजूला सुरक्षित ठेवायची, मग हाताने किक हळूहळू खाली न्यायची म्हणजे प्लगच्या भोकातून पाणी बाहेर पडतं, त्या वेळी तोंड तिथून लांब ठेवा. ऑइल दुधासारखं पांढरट झालेलं असेल तर बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका. आणि ज्या मिस्त्रीकडे न्याल त्याला कव्हर पहिल्याच दिवशी उघडायला सांगा, गाळ ओला असतो तोवर साध्या पाण्याने निघून जातो.