व्हॉल्व वाचवायचा की बदलून मोकळं व्हायचं?

हर्णैकर: मंडळी, भाचा 27 वर्षांचा, ट्रॉलरवर जातो. शिडशिडीत उंच, बोटं लांब. मुंबईत इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर मार्फान निघालं, म्हणजे शरीरातलं सगळं जोडून धरणारं ऊतक जन्मापासून कमजोर, हृदयातून महाधमनी निघते तिथलं मूळ 5.1 सेंटिमीटर फुगलंय. मार्फानमध्ये साधारण 5 ला ऑपरेशन सांगतात, म्हणजे थांबून चालणार नाही. पण व्हॉल्वचे पडदे छान आहेत, लीक थोडंच. एक सर्जन म्हणतात बेंटॉल, म्हणजे फुगलेलं मूळ आणि व्हॉल्व दोन्ही काढून नळीसकट नवा व्हॉल्व, दुसरे म्हणतात डेव्हिड करून व्हॉल्व वाचवू. मला तरी डेव्हिडच पटतं. फुगलेली भिंत काढतात, पडदे तसेच ठेवून डेक्रॉनच्या (कृत्रिम कापडाच्या) नळीच्या आत शिवतात, कोरोनरीची (हृदयालाच रक्त देणाऱ्या धमन्यांची) दोन तोंडं बटणासारखी कापून परत नळीला जोडतात. चांगले पडदे कापून फेकायचे कशाला?

मालवणचो: माका ह्या पटाक नाय. बेंटॉल 1968 पासून चाललंय, हात बसलेले सर्जन भरपूर, डेव्हिड करणारे मोजके. वाचवलेला व्हॉल्व पुढे लीक झाला तर परत छाती उघडा, आणि दुसऱ्या वेळी आतलं सगळं चिकटलेलं असतं, ते सोडवतानाच धोका. मेटलचा आयुष्यभर टिकतो. आपल्या देशात त्रिवेंद्रमचा चित्रा व्हॉल्व आहे की, 1990 पासून बसवतायत.

हर्णैकर: भाऊ, टिकतो हो, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. वडिलांना मेटल होता, रात्री घर शांत झालं की आम्हाला शेजारच्या खाटेवर टिकटिक ऐकू यायची. त्याचं काही नाही, पण आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा! 2 ते 3 मध्ये ठेवायचा, आणि तपासायला दर महिन्याला तालुक्याला, पावसात रस्ता बंद झाला की ते पण राहायचं. एकदा शिंगाळ्याचा काटा हातात घुसला, रक्त थांबेना, टॉवेल भिजला, होडी परत फिरवली. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी वाढली तर ताट सरकवायचे, भीती बसलेली.

चिपळूणची सिस्टर: दादा, पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो, पण ती बंद नाही करायची हो, रोज साधारण सारखीच खायची, म्हणजे गोळीचा डोस बसतो. हे कुणी नीट सांगतच नाही, राग येतो मला. बाकी व्हॉल्व वाचवायचे प्रकार दोन. याकुबमध्ये बुडाची कडी मोकळी राहते, मार्फानमध्ये ती पुढे पसरू शकते, म्हणून डेव्हिड, त्यात ती नळीच्या आत बांधली जाते. आणि टेबलावरच अन्ननलिकेतून इको करून बघतात, लीक जास्त दिसलं तर त्याच वेळी बेंटॉल. त्याची संमती आधीच घेऊन ठेवा. भाच्याला जाळी ओढायचं काम मात्र दोन्हीत बंद, एवढा जोर नळीच्या पुढच्या धमनीलाही चालत नाही.

मालवणचो: तेच सांगतोय ताई, समुद्र सुटणारच असेल तर काट्याचं कारण कुठे उरलं? हात बसलेला साधा उपाय बरा. सर्जनला विचारा, तुम्ही स्वतः किती डेव्हिड केले आणि त्यातले किती परत उघडावे लागले. आकडा सांगायला टाळाटाळ केली तर बेंटॉल घ्या, माझं मत बदललेलं नाही.

हर्णैकर: विचारतो. समुद्राचं ऐकून तो गप्प झालाय, ते मलाही लागलं. पण काटा नाही तर कोयता आहे, नारळ आहे, विळी आहे. वय 27 आहे हो, अजून चाळीस-पन्नास वर्षं गोळीवर काढायची म्हणजे?

चिपळूणची सिस्टर: एक राहिलंच, मार्फान आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. त्याच्या बहिणीचा इको झाला का?

हर्णैकर: नाही. सोमवारी रत्नागिरीला नेतो.